कारंजं दाखवलं, मग हौदही दाखवायला हवा

पुण्यात घर असलं की वर्षातून तीन-चार वेळा एक फोन ठरलेला असतो. "अगं, आम्ही येतोय चार दिवस. मुलांना पुणं बघायचंय." आनंद होतो, खोटं कशाला बोलू? गाद्यांना ऊन दाखवायचं, जास्तीची पांघरुणं काढायची आणि रात्री जेवणं आटोपली की कागद-पेन घेऊन यादी करायला बसायचं. यादीही ठरलेली. शनिवारवाडा, दगडूशेठ, तुळशीबाग, सारसबाग, पर्वती, सिंहगड, आणि वेळ उरलाच तर आगाखान पॅलेस.

माझं माहेर जळगावचं. लग्न होऊन पुण्यात आले त्याला आता तेवीस वर्षं झाली. मलाही पुणं याच यादीने दाखवलं गेलं होतं आणि पुढे तीच यादी मी माहेरच्या, सासरच्या आणि शेजारच्यांच्या पाहुण्यांना दाखवत आले. या तेवीस वर्षांत यादीविषयी माझं एक मत तयार झालंय. मत असं, की पाहुण्यांना गाव दाखवणं हा वाटतो तितका साधा प्रकार नाही. आपण त्यांना जे दाखवतो, तेवढंच आपलं गाव असं त्यांच्या डोक्यात कायमचं बसतं. दहा वर्षांची मुलं तर जन्मभर तेच पुणं घेऊन फिरणार असतात. म्हणून यादी करताना थोडा विचार करायला हवा. तो विचार इथे मांडतेय. पटतो का बघा.

सुरुवात शनिवारवाड्यापासूनच करू. बाहेरून दिल्ली दरवाजा बघून पाहुणे खूश असतात. दारावरचे ते अणकुचीदार खिळे, नगारखाना, जाड तटबंदी. मग तिकीट काढून आत जायचं आणि पाचव्या मिनिटाला कुणीतरी म्हणतंच, "आत तर काहीच नाही!" यावर आपण पुणेकर काय करतो? 'काका मला वाचवा'ची गोष्ट सांगतो, अमावास्येला आवाज येतात वगैरे तिखटमीठ लावतो, मुलं दोन मिनिटं घाबरल्यासारखं करतात आणि सगळे बाहेर भेळ खायला येतात. ऑगस्ट १७७३ मध्ये नारायणरावांचा इथे खून झाला हे खरंच आहे. पण एवढ्या मोठ्या वाड्यातून पाहुण्यांनी बरोबर न्यायचं काय, तर एक भुताची गोष्ट?

"आत काहीच नाही" याचं उत्तर खरं तर सोपं आहे. पहिल्या बाजीरावांनी १७३० साली वाड्याचा पाया घातला. वरचे मजले लाकडाचे होते. १८२८ च्या आगीत ते जळून गेले आणि खाली दगडी जोती तेवढी उरली. एवढं सांगितलं की लोक जोत्यांकडे बघायला लागतात. इथे दिवाणखाना असेल, इथे जिना असेल, असं आपापसात बोलायला लागतात. मुलांना तर रिकाम्या जोत्यावर घर उभं करायला फार आवडतं.

आणि त्यानंतर दाखवायचं ते हजारी कारंजं. सोळा पाकळ्यांचं दगडी कमळ. माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्याला इतिहासाचा भारी कंटाळा. त्याला मी एवढंच विचारलं होतं, "वीज नाही, पंप नाही. मग पाणी उडायचं कसं?" तो तिथेच उकिडवा बसला. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी जमिनीखालच्या नळांनी शहरात आणलं होतं. कात्रज उंचावर, पेठा खाली. पाणी उतारावरून आपल्या वजनाने येणार, ठिकठिकाणच्या हौदांत पडणार, आणि तोंड बारीक केलं की उसळणार. भाचा पुढचा अर्धा तास कारंज्याभोवती फिरत होता.

तर शनिवारवाडा पाण्याच्या अंगाने दाखवायचा, ही माझी युक्ती. फायदा असा की या पाण्याचं बोट धरून पुढचं पुणंही दाखवता येतं.

उदाहरणार्थ सारसबाग. बागा आपण यादीत कुठे टाकतो? दोन 'महत्त्वाच्या' ठिकाणांच्या मध्ये, पाय दुखले की टेकायला म्हणून. मला हे मुळीच पटत नाही. पाहुणे बोलतात ते बागेत. गाडीत गाणी लावलेली असतात, देवळात रांग असते, वाड्यात आपणच बडबडत असतो. बागेत सतरंजी टाकली, डबा उघडला की कोण आजारी आहे, कुणाची नोकरी गेली, कुणाचं लग्न जमेना हे सगळं बाहेर येतं. आणि पाहुणे आलेले असतात ते मुख्य म्हणजे आपल्याला भेटायला, वाड्याला नव्हे. म्हणून सारसबागेला किमान दीड तास द्यायचा, असा आमच्याकडे नियमच आहे.

शिवाय सारसबागेला स्वतःची गोष्ट आहे. तिथल्या गणपतीला जुने लोक 'तळ्यातला गणपती' म्हणतात. मुलं लगेच विचारतात, "तळं कुठंय?" पर्वतीच्या पायथ्याशी पेशवाईत खरोखरच मोठं तळं होतं. मधे बेट, बेटावर बाग आणि गणपती. पुढे तळं बुजवलं गेलं. म्हणजे आपण सतरंजी टाकून बसतो ते एका तळ्याच्या मधोमध! थंडीत गेलात तर गणपतीबाप्पाला चक्क स्वेटर घातलेला असतो, तोही बघून घ्या. मुलांना तळ्याइतकाच हा स्वेटर लक्षात राहतो.

पर्वती मात्र माणसं बघून ठरवा. शंभराहून थोड्या जास्त पायऱ्या आहेत, गुडघेदुखीवाल्यांना ओढत नेऊ नका. ज्यांना जमेल त्यांना वर नेऊन शहर दाखवा आणि सांगा की पानिपतानंतर काही महिन्यांतच, जून १७६१ मध्ये, नानासाहेब इथेच वारले. वरून पसरलेलं पुणं बघताना ही एवढी गोष्ट पुरते.

सिंहगड रोडवरचं पु. ल. देशपांडे उद्यान अशाच निवांत बसण्यासाठी चांगलं. जपानमधल्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर ते केलेलं आहे. पाण्याकडेने चालायचं आणि फारसं बोलायचं नाही, अशी बाग. म्हाताऱ्या माणसांना ही फार आवडते. एक सूचना : महापालिकेच्या बऱ्याच बागा दुपारी बंद असतात. वेळ आधी बघून घ्या, नाहीतर पाहुण्यांना फाटकावरचं कुलूप दाखवावं लागेल.

आता केळकर संग्रहालय. हे यादीत का नसतं, मला कळत नाही. नावातल्या 'राजा' शब्दामुळे अनेकांना वाटतं, हा कुण्या संस्थानिकाचा खजिना असणार. राजा हा दिनकर केळकरांचा लहानपणीच गेलेला मुलगा. त्याच्या आठवणीत या माणसाने गावोगाव फिरून वस्तू जमवल्या आणि १९६२ साली सगळा संग्रह महाराष्ट्र सरकारला देऊन टाकला. वीस हजारांहून जास्त वस्तू आहेत, त्यातल्या थोड्याच मांडलेल्या दिसतात. पण त्या कशा? तर दिवे, अडकित्ते, कुलपं, वज्री, फण्या, स्वयंपाकघरातली भांडी. इथे आपल्याला काही सांगावंच लागत नाही, पाहुणेच सांगतात! "ही वज्री आमच्या न्हाणीत होती." "असा अडकित्ता अप्पांचा." ज्यांना सकाळपासून आपण इतिहास ऐकवत असतो, ते इथे आपल्याला ऐकवायला लागतात. मुलांना आजी-आजोबांचं लहानपण दाखवायचं असेल तर इतकी सोयीची जागा दुसरी नाही.

इथवर बहुतेकांना पटेल. आता जे लिहिणार आहे त्यावर आमच्या घरातही दोन मतं आहेत.

मागच्या नाताळच्या सुट्टीत जळगावहून आत्या, आतेभाऊ, वहिनी आणि त्यांची दोन मुलं आली होती. येताना भरताची वांगी आणि कळण्याचं पीठ, हे वेगळं सांगायला नको. आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. पहिल्या दिवशी शनिवारवाडा आणि सारसबाग झाली. दुसऱ्या दिवशी मेट्रोने मंडईला उतरलो. मंडईला २०२४ पासून भुयारी स्टेशन झालंय, त्यामुळे पेठांत गाडी लावण्याची कटकट गेली. मंडईची ती जुनी दगडी इमारत दाखवली. १८८६ साली ती उघडली तेव्हा तिचं नाव होतं रे मार्केट, तेव्हाच्या गव्हर्नरच्या नावावरून. जोतीराव फुले नगरपालिकेचे सदस्य असताना त्यांनी या इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला होता. एवढा पैसा शिक्षणावर घाला, हे त्यांचं म्हणणं. आणि आज त्या इमारतीचं नाव काय? महात्मा फुले मंडई! आत्या एवढी हसली की शेजारची भाजीवाली बघायला लागली.

तिथून दगडूशेठला गेलो. दर्शन झाल्यावर मी सगळ्यांना रस्त्याच्या पलीकडे बघायला सांगितलं. इथेच भिडेवाडा होता. १८४८ साली सावित्रीबाई आणि जोतीरावांनी मुलींची शाळा सुरू केली ती इथे. मोडकळीला आलेला वाडा डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय स्मारकासाठी पाडला गेला. वाडा उभा होता तेव्हाही लोक दर्शनाच्या रांगेत त्याच्याकडे पाठ करून उभे असायचे. आतेभाऊ म्हणाला, "मी इथे चार वेळा येऊन गेलो. कुणी सांगितलं नाही." सांगणार कोण? दाखवणारे आपणच ना!

मग रिक्षा करून फुलेवाड्याला गेलो, गंज पेठेत. "तिथे बघण्यासारखं काय आहे?" हा प्रश्न वहिनीने रिक्षातच विचारला होता. प्रश्न रास्त आहे. शनिवारवाड्यासारखा दरवाजा तिथे नाही. साधं कौलारू घर, अंगण, जोतीरावांची समाधी. मरणानंतर आपल्याला मिठात पुरावं, अशी त्यांची इच्छा होती. नगरपालिकेने परवानगी दिली नाही म्हणून दहन झालं आणि अस्थी इथे ठेवल्या. हे सांगून झाल्यावर मी मुलांना म्हटलं, "काल कारंजं बघितलं ना? आता पाण्याची पुढची गोष्ट." १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांसाठी खुला केला. शहरात पाणी येऊन शंभरावर वर्षं झाली होती, तरी ते कुणी भरायचं आणि कुणी नाही, हे जातीवरून ठरत होतं.

आत्या ओसरीवर बसली होती. (आत्या हे वाचणार आहे. आतेभाऊ तिला मोबाइलवर अक्षर मोठं करून देतो. पुढचं तिला विचारूनच लिहितेय.) ती म्हणाली, "आपल्या गावच्या विहिरीवर मी उभी राहायचे गं. वरच्या बाजूला. त्या बायका खाली घागर घेऊन थांबायच्या. कुणी ओतेल तेव्हा पाणी. आई मला सांगायची, लांबून ओत, शिवू नकोस."

कुणीच काही बोललं नाही. धाकट्याने विचारलं, "मग तू काय केलंस आजी?"

"काय करणार रे? आठ वर्षांची होते. लांबूनच ओतलं."

हिशेब केला तर हे १९५७ च्या सुमाराचं. अस्पृश्यता रद्द करणारी राज्यघटना लागू होऊन सात वर्षं झाली होती. माझी आजी, म्हणजे आत्याची आई, अंगठा लावायची. तिनेच हट्टाने आत्याला शाळेत घातलं, ही गोष्ट आमच्या घरात प्रत्येकाला पाठ आहे. विहिरीची गोष्ट मात्र मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. आतेभावानेही. दोन्ही गोष्टी एकाच आजीच्या. आत्या पुढे मुलांना सावित्रीबाईंबद्दल बोलली. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना त्यांनाच प्लेग झाला आणि त्यातच त्या गेल्या, हे तिने सांगितलं. शाळेत शिकवायची तशीच सांगत होती, पण आवाज वेगळा होता.

घरी आल्यावर यावरून थोडी चर्चा झाली. वहिनीचं म्हणणं, "मुलं सुट्टीत मजा करायला आलीयत, हे जड विषय कशाला?" तिची बाजू मला कळते. चार दिवसांची सहल, मुलांना आईस्क्रीम हवं, फोटो हवेत, तुळशीबागेतली खरेदी हवी. यातलं काहीही कमी करू नये, असंच माझं मत आहे. मीही दुसऱ्या दिवशी तुळशीबागेत तीन तास घालवले, तेही आनंदाने. पण 'जड' विषयाचं म्हणाल तर नारायणरावांचा खून काय हलका विषय आहे? तो आपण पाच वर्षांच्या मुलालाही हौसेने सांगतो. खून चालतो, आग चालते, पानिपतानंतर खचून गेलेले पेशवे चालतात. मग हौद का नको? मला वाटतं, जुन्या खुनाशी आपला काही संबंध उरलेला नसतो. हौदाशी मात्र असतो. तिथे कुणाच्या तरी आत्याला आपली विहीर आठवते.

आणखी एक आक्षेप आतेभावाच्या मित्राने फोनवर घेतला. "म्हणजे आता शनिवारवाडा दाखवायचा नाही का?" अहो, असं कोण म्हणतंय? कारंज्याचं कौतुक मला खरंखुरं आहे. कात्रजपासून उतार साधत पाणी आणणाऱ्या माणसांची बुद्धी बघून मी अजूनही थक्क होते. पण कारंजं तेवढं दाखवलं आणि हौद राहिला, तर गोष्ट अर्धीच सांगितली. अर्धी गोष्ट सांगितल्यावर पाहुणे परत जाऊन 'पुणं बघितलं' असं म्हणणार, आणि ते तसं म्हणतील याला जबाबदार आपण.

आता जरा व्यवहाराचं. एका दिवशी दोनच ठिकाणं. एक गोष्टीचं, एक बसण्याचं. शनिवारवाड्याबरोबर सारसबाग, केळकर संग्रहालयाबरोबर मंडई आणि फुलेवाडा. तिसऱ्या दिवशी आगाखान पॅलेस, कारण तिथे दोन्ही एकत्र मिळतं. ऑगस्ट १९४२ ते मे १९४४ गांधीजी इथे स्थानबद्ध होते. महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा याच जागी गेले, दोघांच्या समाध्या आवारात आहेत. मोठी झाडं आहेत, हिरवळ आहे, कुणी घाई करत नाही. चौथा दिवस मोकळा ठेवा. कुणाला सिंहगडावर पिठलं-भाकरी खायची असते, कुणाला लक्ष्मी रोडवर साडी घ्यायची असते, आणि कुणाला नुसतं गॅलरीत बसून चहा प्यायचा असतो. तेही पुणंच.

यात सिंहगड राहिला, विश्रामबागवाडा राहिला, पाताळेश्वरही राहिलं, अशी तक्रार येणार हे मला माहीत आहे. राहू द्यात. काहीतरी राहिलं की पाहुणे परत येतात. आत्या तर जाताना म्हणाली, "पुढच्या वेळी एकच ठिकाण ठेव बाई, पण बसायला भरपूर वेळ दे." तिचे गुडघे बघता पुढची वेळ लवकर आणायला हवी, हे मी मनात ठरवलंय. तारीख तेवढी जळगावकरांनी कळवावी.

आणि तुम्ही? नाशिकला असाल, कोल्हापूरला असाल, इंदूरला किंवा न्यू जर्सीला असाल, तुमच्याकडेही पाहुणे येतच असतील आणि ठरलेली यादी असेलच. त्या यादीत काय नाही, तेवढं एकदा बघा.